पोशाखाची पेटी

(मंडळाच्या महिला शाखेच्या कोजागरीच्या कार्यक्रमात केलेले हे भाषण. अनेक सभासदांनी मापे आणि कृती पुन्हा विचारल्या, म्हणून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)

अध्यक्ष वहिनी, महिला शाखेच्या सर्व मैत्रिणींनो, आणि मागच्या रांगेत मसाला दुधाची वाट पाहत बसलेली पुरुष मंडळी,

मी काही वक्ता नाही. मंडळात माझे काम पडद्यामागचे, म्हणजे तोंडात चार सेफ्टी पिना धरून कुणाचा तरी काष्टा सावरण्याचे. तोंडात पिना असल्या की बोलता येत नाही, त्यामुळे भाषणाची सवय राहिलेली नाही. पण कार्यकारिणीने विषय दिला, "शरदातली खरेदी आणि घरचे पोशाख", आणि मी हो म्हटले. कारण या विषयात मला एक गोष्ट सांगायची आहे, जी मी आजवर चारचौघांत सांगितलेली नाही. ती आधी सांगते, मग खरेदीकडे वळते.

2022 साल आठवा. करोनामुळे दोन वर्षे आपला उत्सव नावापुरता झाला होता. त्या वर्षी पुन्हा मांडव पडला, आणि उत्साहाच्या भरात आपण मुलांचे मोठे शिवकालीन नाटक ठरवले. तालमी सुरू झाल्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी सगळ्या मुलांच्या हाती चिठ्ठी दिली: पोशाखाचे भाडे साडेचारशे रुपये, अनामत एक हजार, शुक्रवारपर्यंत आणावेत. मला त्यात काही वावगे वाटले नाही. दरवर्षी तसेच चालायचे.

आपल्या वसाहतीत तेव्हा एक कुटुंब होते, ताई सातवीत आणि धाकटा भाऊ चौथीत. दोघेही नाटकात होते. शनिवारपासून ती मुले तालमीला आली नाहीत. मी फोन केला, तर त्यांची आई म्हणाली, "काकू, परीक्षा आहे हो, जमणार नाही." मी दुसरी मुले घेतली. तालमीच्या गडबडीत विसरूनही गेले.

नाटकाच्या दिवशी मी विंगेत उभी होते. समोर पहिल्या रांगेच्या कडेला तो धाकटा बसला होता. त्याचे ओठ हलत होते. एकट्या त्याच्या वाट्याच्या नव्हे, सगळ्यांच्या वाक्यांवर हलत होते. अख्खे नाटक पाठ होते पोराला. आमचा एक मावळा मध्येच अडखळला, तेव्हा खालून त्यानेच वाक्य सुचवले.

वडिलांची नोकरी गेली होती, हे मला नंतर कळले. दोन मुलांचे मिळून एकोणतीसशे रुपये शुक्रवारपर्यंत आणायचे होते त्यांना. परत मिळणारी अनामत असली, तरी ती आधी खिशात असावी लागते. त्या माउलीने मुलांच्या परीक्षेचे निमित्त सांगितले, आणि मला ते खरे वाटले, कारण मला दुसरे काही सुचलेच नाही. पुढच्या वर्षी त्यांना घ्यायचेच, असे मी ठरवले होते. पण मे महिन्यात ते कुटुंब दिल्ली सोडून नागपूरला गेले. त्या मुलांचे राहिले ते राहिलेच.

म्हणून 2023 पासून आपण पोशाख भाड्याने आणणे बंद केले. काही जणींना तेव्हा वाटले की मंडळाकडे पैसे नाहीत, म्हणून ही काटकसर. तसे नाही. घरातून पैसे आणावे लागणार नाहीत, हा नियम आधी केला. काटकसर त्याच्या मागून शिकलो.

आता खरेदीकडे येते.

पाश्चात्य देशांत शरद म्हणजे पानगळ, आणि कपड्यांच्या दुकानांत गेरू, मोहरी, तांबूस, बाटली-हिरवा असे रंग. आपल्या दिल्लीत शरदात पाने गळत नाहीत, उलट संध्याकाळी रस्त्यावर सातविणीचा वास येतो आणि सकाळी प्राजक्ताचा सडा दिसतो. पण तिकडच्या शरदाचे कपडे मात्र आपल्याकडे येतात. निर्यातीसाठी शिवलेल्या मालातला उरलेला, नाकारलेला माल सरोजिनी नगरच्या बाजारात येतो, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. आपण तिथे मुलींसाठी टॉप घ्यायला जातो. मी तिथे मावळे शोधायला जाते! गंमत अशी की गेरू, मोहरी, हळदी, मातकट हे सगळे आपल्या जुन्या लुगड्यांचे आणि पागोट्यांचे रंग. परदेशातल्या बाईसाठी शिवलेला मोहरी रंगाचा घेरदार स्कर्ट मी गेल्या वर्षी दीडशे रुपयांत आणला. त्याचा कमरपट्टा काढला, आणि आपल्या शिवबाच्या अंगरख्याचा घेर तयार झाला. कुणाच्या लक्षातही आले नाही.

तिथे जाताना चार गोष्टी पाळा. सोमवारी बाजार बंद असतो. कपडा घालून पाहायची सोय बहुतेक ठिकाणी नसते, तेव्हा घरून मोजपट्टी न्या आणि मुलाच्या नीट बसणाऱ्या एका कुडत्याची छाती, खांदा, उंची कागदावर लिहून न्या. कपडा दुकानाच्या दिव्याखाली पाहू नका, बाहेर उजेडात धरा. नाकारलेल्या मालात काखेची शिवण, चेन आणि पुढच्या-मागच्या भागाच्या रंगातला फरक या तीन ठिकाणी खोट सापडते. रोज वापरायचा कपडा असेल तर ती खोट महागात पडते. रंगमंचासाठी असेल तर काखेचे भोक आपल्याला चालते, आणि भाव करायला तेच कारण पुरते.

दुसरे ठिकाण म्हणजे चांदनी चौकातला किनारी बाजार. दरिब्याकडून आत शिरले की गोटा, जर, लेस, मोती, कुंदन, आणि नवरात्राच्या सुमारास रामलीलेचे मुकुट, धनुष्ये, दाढ्या-मिशासुद्धा. रविवारी तिकडची बहुतेक दुकाने बंद असतात. माझा अनुभव सांगते. रामलीलेच्या आधी गेले तर दुकानदाराला मान वर करायला वेळ नसतो. दसरा उलटला की तोच दुकानदार "बहनजी, बैठिए" म्हणतो आणि उरलेले तुकडे काढून दाखवतो. आपल्याला अख्खे बंडल कुठे लागते? दोन मीटर, तीन मीटरचे तुकडेच लागतात. म्हणून पुढच्या गणपतीची किनार मी कोजागरी ते दिवाळीच्या मध्ये आणून ठेवते. ऐन भाद्रपदात धावपळ केली की पैसे जास्त जातात आणि वस्तू मनासारखी मिळत नाही.

तिसरे ठिकाण सर्वांत जवळचे, म्हणजे आपले कपाट. लहानपणी आपल्या दारी बोहारीण यायची. आई दोन जरीच्या साड्या, बाबांची पँट तिच्यापुढे टाकायची, आणि अर्धा तास घासाघीस होऊन एक पातेले घरात यायचे. दिल्लीतही भांडी देऊन जुने कपडे नेणाऱ्या बायका आहेत. त्यांतली बरीच कुटुंबे मूळची गुजरातेतली. त्या गोळा केलेले कपडे रघुबीर नगरच्या बाजारात भल्या पहाटे विकायला नेतात. त्यांच्या पोटावर पाय आणा असे मी म्हणत नाही. त्यांना द्यायचे ते जरूर द्या. फक्त देण्याआधी चार वस्तू बाजूला काढा: सुती पांढरी चादर, काठाची साडी, पुरुषांचा पांढरा पायजमा किंवा धोतर, आणि कोणतीही लांब ओढणी. या चार वस्तूंतून अर्धे नाटक उभे राहते. कसे ते सांगते.

मावळ्याचा अंगरखा. डबलबेडच्या एका चादरीत दहा वर्षांच्या मुलांचे दोन अंगरखे बसतात. कापड चौपदरी घाला, बाह्या वेगळ्या न लावता एकसंध इंग्रजी टी अक्षरासारखे कापा, खाली घेर ठेवा. समोरून उभे उघडा आणि बटणांऐवजी बंद लावा. बंद असले की तोच अंगरखा पुढच्या वर्षी जाड्या मुलालाही येतो आणि बारीक मुलालाही. बगलेत आणि खाली दोन-दोन इंच दाब सोडा. मुले वर्षात किती वाढतात, ते आपल्याला शाळेच्या गणवेशावरून कळतेच.

पांढरीशुभ्र चादर दिव्यांखाली फार चमकते आणि मावळा इस्पितळातला वाटतो. त्यासाठी चहा! तीन लिटर उकळत्या पाण्यात दहा-बारा चमचे चहापूड, चमचाभर मीठ. गाळून त्यात ओले कापड अर्धा तास बुडवा, हलवत राहा, मग साध्या पाण्यातून काढा. सुरेख मातकट रंग येतो. मात्र कापड सुती हवे. पॉलिस्टर हा रंग धरत नाही.

आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांना 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी 1983 साली जॉन मोलो यांच्याबरोबर विभागून ऑस्कर मिळाले. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्यातला गांधीजींच्या अंत्ययात्रेचा प्रसंग आपल्या दिल्लीत, तेव्हाच्या राजपथावर, 31 जानेवारी 1981 रोजी चित्रित झाला. तो चित्रपट पुन्हा पाहा आणि कपड्यांकडे लक्ष द्या. कुठलाही कपडा नुकताच दुकानातून आणलेला वाटत नाही. माणूस तो कपडा रोज घालतो, असे दिसते. पोशाख खरा वाटायला भारी कापड लागत नाही, वापरलेले कापड लागते. आणि ते आपल्याकडे भरपूर आहे.

पागोटे. सुती ओढणी तीन मीटरची असेल तर उभी अर्धी फाडा, पीळ द्या, आणि मुलाच्या डोक्याएवढ्या पातेल्यावर गुंडाळत गुंडाळत जागच्या जागी टाके घाला. पातेले काढून घ्या, हे सांगते, कारण एकदा राहिले होते! आतून जुन्या बनियनचे कापड लावले की डोक्याला टोचत नाही आणि पागोटे घसरत नाही.

मुलींची नऊवारी. आठ-दहा वर्षांच्या मुलीला खरी नऊवारी लागत नाही. नेहमीची साडेपाच मीटरची काठाची साडी पुरते. साडीचा पन्हा साधारण पंचेचाळीस इंच, मुलीला तो फार होतो. तेव्हा वरच्या बाजूने आत दुमडा. खालून दुमडाल तर काठ नाहीसा होईल, आणि साडीची सगळी शोभा काठात आहे. निऱ्या आणि काष्टा इलॅस्टिकच्या पट्ट्यावर धावदोऱ्याने टाका, आत लेगिंग घाला. पाच मिनिटांत मुलगी तयार. आणि साडी कुठेही कापायची नाही. उत्सव झाला की धावदोरा उसवायचा, धुऊन घडी घालून जिची तिला परत.

साडी कापायची नाही, हा आपल्या पेटीचा पक्का नियम आहे. पहिल्या वर्षी एका आजींनी त्यांची अंजिरी साडी आणून दिली आणि दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "कापणार का गं?" मी नाही म्हटले, तेव्हा हात सोडला. ती साडी जिजाऊंच्या अंगावर गेली. नाटकानंतर आजी त्या मुलीला ओळखत नव्हत्या, तरी तिच्या पदराची घडी नीट करून गेल्या.

जुन्या जरीबद्दल सावध राहा. खऱ्या जरीत चांदीची तार असते, आणि जुनी जर विकत घेणारे ती वितळवून चांदी काढतात. अशी साडी नाटकासाठी देऊ नका, विकायचीही घाई करू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. सुती मलमलमध्ये गुंडाळा, दर काही महिन्यांनी घडी बदला, आणि डांबराच्या गोळ्या जरीला लागतील अशा ठेवू नका, जर काळवंडते.

दागिने. पुठ्ठा, मिठाईच्या डब्याचा सोनेरी कागद, फेव्हिकॉल आणि किनारी बाजारातले मणी. बाजूबंद, तोडे, कमरपट्टा सगळे होते. नथ बारीक तारेत मोती ओवून करा आणि टोक वळवून आत घ्या, म्हणजे नाकाला लागणार नाही. प्रेक्षक वीस फुटांवर असतात. त्यांना ठुशी दिसते, ठुशीतले मणी दिसत नाहीत. तेव्हा बारीक कामात रात्री जागू नका.

आता एक गोष्ट मी फार गंभीरपणे सांगते आहे. नाटकानंतर मुले पोशाखातच आरतीला धावतात. तिथे निरांजन, कापूर, समया. सुती कापड पेटते, पण पॉलिस्टर आणि नायलॉन वितळून कातडीला चिकटते, आणि ती जखम फार वाईट. कापड कशाचे आहे ते ओळखायचे असेल तर एक दोरा काढा, चिमट्यात धरून स्टीलच्या ताटावर जाळा. कागद जळल्याचा वास आणि मऊ राख म्हणजे सुती. वितळून कडक गोळी झाली तर कृत्रिम धागा. घेर, ओढणी, पदर हे मोकळे भाग शक्यतो सुतीच ठेवा, आत सुती बनियन घाला, आणि आरतीला मुले मागे उभी करा. या एका बाबतीत मी कुणाचे ऐकत नाही, हे आमच्या मावळ्यांना विचारा.

हिशेब सांगते, म्हणजे खजिनदारांना बरे वाटेल. गेल्या उत्सवात चौदा मुले होती: शिवबा, जिजाऊ, सहा मावळे, दोन दासी आणि चार वारकरी. भाड्याने आणले असते तर माणशी साडेचारशेप्रमाणे 6,300 रुपये, अनामत वेगळी. आपला खर्च झाला तो असा: किनार आणि गोटा 520, अस्तर आणि स्कर्टासारखे बाजारातले कपडे 480, इलॅस्टिक, हुक, वेल्क्रो 210, पुठ्ठा, रंग, फेव्हिकॉल 260, मणी-मोती 190, आणि इस्त्री व जाड शिवणीसाठी शिंप्याकडे 300. एकूण 1,960 रुपये. हे सगळे मंडळाच्या खात्यातून. कोणत्याही घरातून एक रुपया आला नाही.

यात आपल्या बायकांचे श्रम धरलेले नाहीत, हे मला मान्य आहे. आठ जणी, चार रविवार दुपारी. ते श्रम फुकटचे आहेत असे समजू नका. म्हणून पुरुष मंडळींनाही सांगते की पातेल्यावर पागोटे गुंडाळायला स्त्रीच लागते असे नाही. गेल्या वर्षी दोन काकांनी सहा पागोटी केली, आणि ती माझ्यापेक्षा बरी झाली.

आपल्या रंगभूमीला श्रीमंती पोशाखांची हौस जुनीच. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत, जी 1913 साली निघाली, रंगमंचावर खरे शालू आणि पैठण्या वापरल्या जात. प्रेक्षक ते पाहायलाही येत. त्या हौसेपायी कंपनी कर्जात बुडाली, हेही सर्वांना माहीत आहे. त्यांचे ते वैभव होते, त्याला मी नावे ठेवत नाही. पण ते धंद्याचे नाटक होते. आपले नाटक मुलांचे आहे. तिथे पोशाख पाहायला कुणी येत नाही. आई-आजी आपले पोर पाहायला येतात.

आता मागणे. पेटी मंडळाच्या खोलीत, डाव्या कपाटात आहे. आत कडुनिंबाची वाळलेली पाने घातली आहेत आणि झाकणावर यादी चिकटवली आहे: कोणती वस्तू, कुणी दिली, परत द्यायची की ठेवायची. दिवाळीच्या साफसफाईत प्रत्येक घरातून एकच वस्तू काढा. फाटकी नको, मळकी नको, धुऊन द्या. चादर असो, ओढणी असो, नाहीतर डब्यातली उरलेली बटणे. कुणी काय दिले ते मुलांना सांगितले जात नाही, आणि कुणी काही दिले नाही तर विचारले जात नाही.

आणि तालमीच्या वेळी एखादे मूल अचानक येईनासे झाले, तर "परीक्षा आहे" एवढ्यावर फोन ठेवू नका. घरी जा. चहा प्या. पैशाचा विषय काढू नका. "काकूंनी माप घ्यायला पाठवलंय" एवढेच म्हणा आणि मोजपट्टी काढा. तो नागपूरला गेलेला मुलगा आता सातवीत असेल. तिथल्या एखाद्या मांडवात त्याला कुणीतरी अंगरखा दिला असेल, अशी मी आशा करते.

दूध तयार झाले आहे असे दिसते. फार वेळ घेतला. मोजपट्टी आणली आहे, ज्यांची मुले इथे आहेत त्यांनी जाण्याआधी खांदा आणि उंची लिहून घ्यावी.

गणपती बाप्पा मोरया!